टाकीतलं पाणी न ओतता निवळायचं कसं

"टाकी पूर्ण खाली कर आणि धुवून दे, पाणी बघ कसं झालंय!" फोनवर बहुतेक जण हेच सांगतात. मी गोव्यात फोंडा, कवळे, बांदोडा, मार्दोळ या पट्ट्यातल्या घरांतल्या आणि दवाखान्यांतल्या माशांच्या टाक्या सांभाळतो. स्कूटरला दोन बादल्या, सायफनचा पाइप, जाळी आणि मुदत संपलेल्या एटीएम कार्डांची चळत (काच खरवडायला याच्याइतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही). येतो म्हणून सांगतो, पण टाकी खाली करत नाही. चालू, मुरलेली टाकी तर मुळीच नाही.

त्याचं कारण आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेलं खाद्य कुजतं, त्यातूनही तोच. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशाला विषारी, तिसरं बऱ्यापैकी चालून जातं आणि आठवड्याच्या पाणी बदलण्यात निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजमध्ये, खडीवर, काचेवर चिकटून बसलेले असतात. खडी आणि स्पंज नळाखाली धरून खळखळून धुतलात की क्लोरीन त्यांना मारतं, आणि नवी वसाहत बसायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून सणासाठी लख्ख धुतलेली टाकी दोन-चार दिवसांत पुन्हा पांढरी होते, ती नेमकी पाहुणे बसलेले असताना. मग म्हणायचं, "मासेच खराब आले!"

आता औषधाची बाटली उघडायच्या आधी एक काम करा. साध्या काचेच्या ग्लासात टाकीतलं पाणी घ्या आणि दिवसाउजेडी पांढऱ्या कागदासमोर धरा. टाकीत मागचं निळं पोस्टर, वरचा दिवा, झाडांची सावली यांनी डोळा फसतो. ग्लासात पाणी दुधी दिसतं, की हिरवट, की तांबूस पण आरपार, की तळाला माती बसतेय, यावर पुढचं सगळं ठरतं. कधी कधी ग्लासातलं पाणी अगदी स्वच्छ निघतं. मग पाणी बरं आहे, थर काचेवर आहे.

दुधी पाणी

नवी टाकी पहिल्या आठवड्यात दुधी झाली तर घाबरू नका, ती होतेच. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय मालावर दुसऱ्याच प्रकारचे जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि तेच धुक्यासारखे दिसतात. खायला संपलं की आपोआप बसतात. कधी चार दिवस, कधी दोन आठवडे. या काळात तुमचं काम एवढंच: खाद्य जवळजवळ बंद, एअर पंप रात्रंदिवस चालू. हे जिवाणू ऑक्सिजन खातात, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर एक जास्तीचा एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लगेच सोडा. पाणी रोज बदलत बसलात तर हा खेळ लांबतो. अपवाद एकच. अमोनियाचं टेस्ट किट आणा, थेंब टाकून बघा, आणि रंग ०.५ पीपीएमच्या पुढे गेला तर पाव पाणी बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

नव्या टाकीला लवकर वळणावर आणायचं असेल तर ओळखीच्या कुणाच्या चांगल्या चाललेल्या टाकीतला मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. दह्याला विरजण लावतो तसंच हे. फक्त ज्याच्या टाकीत मासे आजारी आहेत त्याच्याकडून आणू नका, आणि आणताना स्पंज ओला ठेवा. सुकला की सगळं मेलं.

जुनी टाकी अचानक दुधी झाली तर मात्र काहीतरी घडलंय. आधी मासे मोजा. फिल्टरच्या मागे किंवा दगडाच्या फटीत एखादा मरून पडलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. तसं नसेल तर घरात विचारा, फिल्टर कुणी धुतला का, एकदम बरेच नवे मासे सोडले का. आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: खाद्य कोण घालतं? उत्तर बहुधा "सगळेच" असं येतं. सकाळी आजोबा, दुपारी सूनबाई, संध्याकाळी पोरं. मासा खाद्य मागायला काचेशी येतोच, तो उपाशी असल्याचा पुरावा धरू नका. दोन मिनिटांत संपेल तेवढंच, दिवसातून एकदा. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, तर मी खाद्याचा डबा कपाटात ठेवायला सांगतो. एका घरी खडीतून नेवरीचा (करंजीचा) चुरा काढलाय मी, सारणासकट.

चवथीला मूळ घरी जाताना तीन दिवसांचं खाद्य एकदम ओतून जाणारेही आहेत. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहतात, काही होत नाही. जायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदला, दिवा टायमरवर लावा आणि निवांत जा. सुट्टीसाठी म्हणून विरघळणारी पांढरी वडी मिळते, तिनं पाणी गढूळ होतं हे मी अनेक टाक्यांत बघितलंय. तिच्या वाटेला जाऊ नका. चवथीआधी घर रंगवत असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळा: एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, रंगाच्या आणि टर्पेंटाइनच्या वासासकट. पंप दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी लांब घ्या.

खडी ओढायची कशी

धुण्यापेक्षा हे शिका. प्लास्टिकचा रुंद तोंडाचा सायफन दुकानात मिळतो. बादली खाली, टाकी वर, पाणी सुरू झालं की रुंद तोंड खडीत सरळ खुपसा. खडी नळीत वर उचलली जाते, गोल फिरते, आणि तिच्यातून काळपट तपकिरी गाळ सुटून वर निघून जातो. जड खडी खालीच राहते. नळीतलं पाणी स्वच्छ दिसायला लागलं की पाइप अंगठ्यानं चिमटा, तोंड उचला, शेजारी खुपसा. एका वेळी निम्मीच खडी, उरलेली पुढच्या आठवड्यात. बादली भरत आली, म्हणजे साधारण पाव टाकी गेली, की थांबा, गाळ उरला असला तरी.

फिल्टरचा स्पंजही असाच, बादलीत काढलेल्या टाकीच्या पाण्यात दाबून दाबून धुवा. पाणी अगदी काळं होईल. दोन-तीनदा दाबला की पुरे, नवा दिसायला हवा असा आग्रह धरू नका. पण खडी ओढली त्याच दिवशी स्पंज धुऊ नये, मध्ये आठवडा जाऊ द्या. सिरॅमिकच्या नळ्या फिल्टरमध्ये असतील तर त्याही याच पाण्यात विसळायच्या. बदलायची ती फक्त पांढरी वूल. उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर चालतो, सुगंध किंवा कसलं रसायन लावलेला नसला म्हणजे झालं. पाण्यातला बारीक धुरळा याच वूलमध्ये अडकतो. नव्या खडीची धूळ, ओढताना उडालेला गाळ, असलं सगळं एका रात्रीत साफ होतं. बादलीतलं काळं पाणी मोगऱ्याला नाहीतर माडाला घाला.

हिरवं पाणी

ग्लासात हिरवट दिसलं तर पाण्यात एकपेशीय शेवाळ तरंगतंय. इतकं बारीक, की साध्या वूलमधून आरपार जातं. पाणी कितीही बदला, दोन दिवसांत परत हिरवं, कारण उरलेल्या पाण्यातलं शेवाळ पुन्हा वाढतं आणि वरून उजेड मिळतच असतो.

आपल्याकडे याचं वेळापत्रक आहे. पावसाळाभर स्वच्छ राहिलेली टाकी दिवाळीनंतर हिरवी होते आणि लोक खाद्याच्या कंपनीला दोष देतात. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन हॉलमध्ये खोल आत येतं. जून-जुलैत त्याच खिडकीतून ऊन येत नाही. दुपारी जाऊन टाकीपाशी उभे राहा, काचेवर उन्हाचा पट्टा दिसतो का बघा. दिसला तर पडदा लावा किंवा टाकीच्या त्या बाजूला काळा कागद चिकटवा. हे केल्याशिवाय बाकीचे उपाय फुकट.

मग अंधार. दिवा बंद, टाकीभोवती जाड चादर किंवा काळं कापड, वरूनही. तीन ते चार दिवस. मधेच उघडून बघायचं नाही, खाद्य नाही, पण एअर पंप जोरात चालू हवा, कारण मरणारं शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढून घेतं. चौथ्या दिवशी कापड काढा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला. पाणी आता करडं-दुधी दिसेल, ते वूलनं दोन दिवसांत निवळतं. पानांची झाडं एवढ्या अंधारात मरत नाहीत.

पुन्हापुन्हा हिरवं होत असेल तर छोटा यूव्ही फिल्टर घ्या. पाणी दिव्याजवळून जाताना शेवाळाच्या पेशी निकामी होतात, आणि काचेवरच्या शेवाळाला तो काहीही करत नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये.

यानंतर दिवा रोज सहा ते आठ तास, टायमर लावून. रात्री अकरापर्यंत टीव्हीसोबत टाकीचा दिवा चालू ठेवायची घरोघरी सवय आहे. बंद करा.

पाणी तांबूस पण स्वच्छ असेल तर ते नव्या लाकडाचं किंवा बदामाच्या पानांचं टॅनिन. माशांना त्यानं अपाय नाही, फायटर माशाला तर आवडतं. डोळ्याला खटकत असेल तर लाकूड काढून उकळा, फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी घाला. ती महिन्याभरानं बदलायची.

काचेवरचं, पानावरचं

सगळं शेवाळ एक नसतं, आणि उपायही एक नाही. बोटानं पुसल्यावर जाणारा तपकिरी थर म्हणजे डायटम. नव्या टाकीत येतो, काही आठवड्यांत स्वतःहून कमी होतो. पुसत राहा, बाकी काही नको. काचेवर टिकल्यांसारखे कडक हिरवे ठिपके स्पंजनं निघत नाहीत, तिथे एटीएम कार्ड किंवा नवं ब्लेड. ब्लेड कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लावू नका, टाकी गळेल. अॅक्रिलिकच्या टाकीला ब्लेड लावूच नका. चुंबकाचा ब्रश वापरत असाल तर खडीपासून दोन बोटं वर थांबा. एक कण मध्ये अडकला की काचेवर कायमचा ओरखडा.

खडीच्या कडेनं काचेलगत निळसर-हिरवा बुळबुळीत पापुद्रा, अख्खा सोलून निघणारा आणि घाण वास येणारा, हे खरं तर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया. सायफननं ओढून काढा, त्या कोपऱ्यात पाणी खेळतं ठेवा, आणि वर सांगितलेला तीन दिवसांचा अंधार करा. दुकानदार अँटिबायोटिकची पुडी पुढे करेल. ती घेऊ नका, फिल्टरमधल्या जिवाणूंवरही तिचा घाला पडू शकतो.

सगळ्यात चिवट ती काळी दाढी. पानांच्या कडांना, फिल्टरच्या तोंडाला काळे केसांचे झुबके. दिसायला काळं असलं तरी ते लाल शेवाळाच्या कुळातलं. त्यातलं एक पान व्हिनेगरमध्ये बुडवून बघा, झुबके तांबडे पडतात. जास्त लागलेली पानं सरळ कापून टाका. दगडावर, फिल्टरवर असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात ६ टक्क्यांचं मिळतं. प्रमाण दहा लिटर पाण्याला १ मिली, त्याहून जास्त नाही. दोन फुटी टाकी, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, भरते ५४ लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर ४५ च्या आसपास धरा, म्हणजे ४ मिली. फिल्टर बंद करा, सुई काढलेल्या सिरिंजनं झुबक्याच्या अगदी जवळ हळूहळू सोडा, बुडबुडे येतील. पंधरा मिनिटांनी फिल्टर चालू. दोन-तीन दिवसांत झुबका आधी गुलाबी, मग पांढरा होतो. कोळंबी ठेवली असेल तर हा प्रयोग टाकीत करू नका, दगड बाहेर काढून करा.

शेवाळ जे खातं ते नायट्रेट दुसऱ्या कुणी खाल्लं तर उत्तम. सगळ्यात सोपा गडी मनी प्लांट. दोन फांद्या टाकीच्या कडेला अडकवा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. पानं पाण्यात बुडू देऊ नका. महिन्याभरात मुळांचा जाड झुपका होतो आणि काच पुसायचं अंतर वाढतं. तळ्यातलं, शेतातलं पाणवनस्पतींचं झुडूप उचलून टाकीत आणू नका, सोबत गोगलगायी आणि जळवा फुकट येतात.

आणि हो, सकर. "शेवाळ खाणारा मासा द्या" म्हटलं की दुकानात बोटाएवढा सकर पिशवीत बांधून देतात. तो मोठा होऊन फूटभर आणि त्याहून जास्त वाढतो, खातो थोडं, विष्ठा ढीगभर करतो, आणि दोन फुटी टाकी त्याला बाथरूमएवढीही पुरत नाही. केरळात, आंध्रात लोकांनी सोडलेले सकर नद्या-तळ्यांत माजलेत. घरात असेल आणि मावत नसेल तर दुकानदाराला परत द्या, करमळीच्या किंवा मयेच्या तळ्यात सोडू नका. छोट्या टाकीला मॉली बऱ्या, काचेवरचं कोवळं शेवाळ चाटतात.

नळाचं, विहिरीचं आणि तुरटीचं

फोंड्यात आमच्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी. खांडेपार नदीचं, शुद्ध करून क्लोरीन घातलेलं. बादली उघडी ठेवून चोवीस तास थांबा, किंवा आत एअर स्टोन सोडा, क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब, बाटलीवरच्या मापानं. छपरावरच्या टाकीचं पाणी एप्रिल-मेच्या दुपारी घेऊ नका, हात भाजेल एवढं तापलेलं असतं. पहाटे भरा. सोसायटीनं वरची टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतली असेल तर पुढचे दोन दिवस पाणी बदलूच नका.

विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं म्हणून लोक थेट ओततात. जांभ्या दगडाच्या भागातलं हे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी, आणि कुठे कुठे लोहयुक्त. बादलीत एअर स्टोन सोडून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तांबूस गंज बसलेला दिसला तर वरचंच पाणी घ्या. पाणी मऊ असलं की टाकीतला पीएच हळूहळू उतरत जातो, आणि उतरला की अमोनिया खाणारे जिवाणूही मंदावतात. गप्पी-मॉलीच्या टाकीला मी तिसऱ्यांच्या शिंपल्या वापरतो. उकळून, घासून, उन्हात वाळवून, मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायच्या. आम्लधर्मी पाण्यात त्या सावकाश विरघळतात आणि पीएच सावरतात. बाजारातून तिसऱ्यो आणल्या की सुकें खा आणि शिंपल्या ठेवा. टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांना यांची गरज नाही.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली जुनी रीत आहे, आणि तीच टाकीत करायचा मोह होतो. पिण्याच्या हंड्यात ठीक. टाकीत नको. तुरटी पाण्यातला पीएच सांभाळणारा क्षार खाऊन टाकते. आपलं पाणी मुळातच मऊ, त्यामुळे पीएच धाडकन खाली येतो, आणि अशा पाण्यात विरघळलेलं अॅल्युमिनियम माशाच्या कल्ल्यांवर बसतं. पाणी संध्याकाळपर्यंत काचेसारखं होतं खरं, आणि मासे वर लोळण घेत असतात.

उन्हाळा आणि वीज

२५ अंशांच्या पाण्यात लिटरला ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात दुधी पाणी जास्त घातक ठरतं ते यामुळेच. झाकण अर्धं उघडून टेबल फॅनचा वारा पृष्ठभागावर लावा, दोन-तीन अंशांनी पाणी उतरतं. उडालेल्या पाण्याची भर घालत जा. बर्फ थेट टाकू नका, बंद बाटलीत गोठवून तरंगत सोडला तर चालतो.

जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली की टाकीचा दिवा नव्हे, पंप चालायला हवा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच, आणि त्याला स्पंज फिल्टर जोडा, म्हणजे मासे आणि जिवाणू दोघांचंही भागतं. तो नसेल तर तासाला पाच-सात तांबे पाणी त्याच टाकीतून काढून वीतभर उंचीवरून परत ओतायचं. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल आणि वीज बरेच तास गेली असेल, तर ती आल्यावर लगेच चालू करू नका. आत अडकलेलं पाणी सडलेलं असतं. डबा उघडा, ते पाणी ओतून टाका, स्पंज टाकीच्या पाण्यात एकदा विसळा, वास गेला की मगच बटण दाबा.